जनरल जॅक्सन आणि लोकमताचें राज्य

लोकांनीं ज्याला एकदां निवडून दिलें त्याचे हात मग कोणीं बांधूं नयेत, कायदेमंडळें, न्यायालयें आणि वर्तमानपत्रें यांनीं त्याच्या वाटेंत आडवें येऊं नये, असें मत अलीकडे दुकानांत, पेढ्यांवर आणि आगगाडीच्या डब्यांत वारंवार ऐकूं येतें. तें बोलून दाखविणारे सर्वच लोक अविचारी असतात असें नाहीं. दिरंगाईनें गांजलेला व्यापारी किंवा कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून थकलेला गृहस्थ, यांस एखादा खमक्या पुरुष यावा व त्यानें एका घावानें सर्व गुंता तोडावा असें वाटल्यास नवल नाहीं. उलट पक्षीं, ज्यास धड आपली सही करितां येत नाहीं त्याच्या हातीं मत दिलें कीं राज्याचा विचका व्हावयाचाच, असें म्हणणारे शहाणेही आपल्यांत आहेत. गंमत अशी कीं, हे दोन्ही पक्ष एकाच माणसाचा दाखला देऊं शकतात. तो माणूस म्हणजे १८२९ पासून १८३७ पर्यंत अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांचा अध्यक्ष असलेला जनरल अँड्र्यू जॅक्सन. दोघेही त्याच्या कारकीर्दीचा चुकीचा अर्थ करितात असें आमचें मत आहे, आणि तें कां, हें आज जरा विस्तारानें सांगण्याचा विचार आहे.

अमेरिकेचें राज्य लोकसत्ताक खरें. पण आरंभीं तें सुखवस्तु आणि सभ्य गृहस्थांचें राज्य होतें. पहिल्या सहा अध्यक्षांपैकीं चार व्हर्जिनियाचे जमीनदार, व उरलेले दोघे मॅसाच्युसेट्सचे अ‍ॅडम्स पितापुत्र. अध्यक्षाची निवड लोकांनीं थेट करावयाची नव्हती; प्रत्येक संस्थानानें निर्वाचक नेमावे आणि त्यांनीं मत द्यावें अशी घटना होती, व हे निर्वाचकही कित्येक संस्थानांत तेथलें कायदेमंडळच नेमीत असे. उमेदवार कोणीं व्हावें हें काँग्रेसचे म्हणजे राष्ट्रीय कायदेमंडळाचे सभासद राजधानींत आपसांत खलबत करून ठरवीत. ज्यापाशीं जमीनजुमला नाहीं किंवा जो कर भरीत नाहीं, त्यास पुष्कळ ठिकाणीं मतच नव्हतें.

ही स्थिति जॅक्सननें पालटली असें सांगण्याची चाल आहे. ती तितकीशी खरी नाहीं. इंडियाना, इलिनॉय, अलाबामा हीं पश्चिमेकडील नवीं संस्थानें १८१६ ते १८१९ च्या दरम्यान संघांत आलीं तीं मिळकतीची अट न घालतांच आलीं. न्यूयॉर्कनें १८२१ च्या घटना-परिषदेंत गोऱ्या पुरुषांपुरती ती अट काढून टाकली. मात्र काळ्या माणसास मत हवें असेल तर अडीचशें डॉलरांची मिळकत दाखविली पाहिजे ही अट त्याच परिषदेनें ठेवली. वाचकांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे. सांगावयाचें इतकेंच कीं, दार अगोदरच उघडूं लागलें होतें. त्या दारानें आंत आलेल्या समुदायाच्या अंगीं बळ किती आहे हें मात्र जॅक्सनच्या निमित्तानें प्रथम सर्वांस कळलें.

हा मनुष्य आजपावेतोंच्या अध्यक्षांहून निराळ्या मातीचा होता. १७६७ मध्यें कॅरोलिनाच्या सरहद्दीवर, बाप वारल्यानंतर, गरीब घरांत त्याचा जन्म झाला. स्वातंत्र्ययुद्धांत पोरवयांतच तो इंग्रजांच्या हातीं सांपडला. बूट पूस म्हणून एका अंमलदारानें हुकूम केला, यानें नाहीं म्हटलें, आणि तरवारीच्या वाराची खूण हातावर व डोक्यावर जन्मभर वागविली. त्याच युद्धाच्या धामधुमींत भाऊ गेला, आई गेली. पुढें टेनेसींत वकिली केली, न्यायाधीश झाला, कापसाची शेती केली व ती गुलामांकडून करविली; द्वंद्वयुद्धांत एक माणूस मारला. १८१५ च्या जानेवारींत न्यू ऑर्लिन्सच्या लढाईंत त्यानें इंग्रजी फौजेचा धुव्वा उडविला तेव्हां तो सर्व देशाचा लाडका झाला. तहावर सह्या होऊन तोंवर पंधरा दिवस झाले होते. पण ती बातमी समुद्र ओलांडून यावयाची होती, आणि विजय तो विजय.

१८२४ सालीं तो अध्यक्षपदास उभा राहिला. काँग्रेसच्या खलबतखान्यांत त्या वर्षीं कसेबसे ६६ सभासद जमले व त्यांनीं क्रॉफर्ड यास पसंत केलें. बाकीच्यांनीं त्या पसंतीस धूप घातला नाहीं. निर्वाचकांचीं मतें मोजलीं तेव्हां जॅक्सनला ९९, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सला ८४, क्रॉफर्डला ४१ आणि हेन्री क्लेला ३७ अशीं पडलीं. बहुमतास १३१ हवीं होतीं; म्हणून घटनेप्रमाणें निवड प्रतिनिधिसभेकडे गेली. तेथें क्लेनें आपलें वजन अ‍ॅडम्सच्या पारड्यांत टाकलें, तेरा संस्थानांनीं त्याला मत दिलें, आणि थोड्याच दिवसांत अ‍ॅडम्सनें क्लेला आपला परराष्ट्रमंत्री केलें. दोघांत कांहीं सौदा झाला होता असें कोणास सिद्ध करितां आलेलें नाहीं. परंतु ज्याला सर्वांत अधिक मतें तो घरीं, आणि ज्यानें त्याला घरीं बसविलें तो मंत्री, हें लोकांस दिसलें तें दिसलेंच. पुढलीं चार वर्षें जॅक्सनच्या पक्षानें दुसरा मुद्दा असा घेतलाच नाहीं. लोकांनीं दिलेलें राज्य सभ्य गृहस्थांनीं चोरलें, हें एकच वाक्य गांवोगांव फिरलें.

तें फिरविण्याचें यंत्र उभारणारा पुरुष म्हणजे न्यूयॉर्कचा मार्टिन व्हॅन ब्यूरन. खाणावळवाल्याचा हा मुलगा मोठा मितभाषी व हिशेबी होता. दक्षिणेचे जमीनदार आणि उत्तरेचे साधे लोक यांची एक जूट बांधावयाची, हा बेत त्यानें १८२७ च्या आरंभीं एका पत्रांत स्पष्ट लिहून ठेवला आहे. या जुटीचा अर्थ पुढें कळेल. तिच्यासाठीं प्रत्येक परगण्यांत कमिट्या झाल्या, राजधानींत व प्रांतोप्रांतीं पक्षाचीं वर्तमानपत्रें निघालीं, मेजवान्या झडल्या, मिरवणुकी निघाल्या. जॅक्सनला शिपाई ‘जुना हिकरी’ म्हणत. हिकरी हें एक फार चिवट लांकूड आहे. त्या लांकडाचे खांब चौकाचौकांत रोवले गेले. आपल्याकडे उत्सवाच्या दिवसांत जो रंग चढतो तसा रंग निवडणुकीस प्रथम तेव्हां चढला. चिखलफेकही यथेच्छ झाली. अ‍ॅडम्सनें सरकारी पैशानें बिलियर्डचें टेबल घेतलें म्हणून एकीकडे ओरड, तर दुसरीकडे जॅक्सनच्या पत्नीच्या पूर्वविवाहाची खोदखोद. ती बाई निवडणूक जिंकल्यावर महिन्याभरांतच वारली, व तिला शत्रूंच्या लेखण्यांनीं मारलें असें जॅक्सन मरेपर्यंत मानीत असे. वर्तमानपत्राचा धंदा करणाऱ्या आम्हांस हा प्रसंग वाचतांना खालीं पाहावें लागतें.

परंतु आंकडेही पाहिले पाहिजेत. १८२४ सालीं ज्यांना मत होतें त्यांपैकीं शेंकडा सुमारें २७ लोकांनीं तें दिलें होतें. १८२८ सालीं शेंकडा सुमारें ५७ लोकांनीं दिलें. एकंदर मतें साडेतीन लाखांच्या आसपास होतीं तीं अकरा लाखांवर गेलीं. कायदेमंडळानेंच निर्वाचक नेमण्याची रीत १८२४ सालीं सहा संस्थानांत होती; १८२८ सालीं ती दोहोंत उरली आणि १८३२ सालीं एकट्या साउथ कॅरोलिनांत. जॅक्सनला १७८ निर्वाचक मिळाले, अ‍ॅडम्सला ८३. नव्या अध्यक्षानें शपथ घेतली त्या दिवशीं सरकारवाड्यांत इतकी गर्दी लोटली कीं, लोकांस बाहेर काढण्यासाठीं पेयांचीं पिंपें अंगणांत नेऊन ठेवावीं लागलीं. मोडलेल्या काचसामानाचीं वर्णनें त्या वेळच्या सभ्य लोकांनीं मोठ्या चवीनें लिहून ठेवलीं आहेत. आम्हांस त्यांत हंसण्यासारखें कांहीं वाटत नाहीं. आपल्या मतानें झालेला अध्यक्ष पाहावयास चिखलाचे बूट घालून आलेला शेतकरी हा त्या दिवसाचा खरा मानकरी होता.

आतां या लोकमतानें काय केलें, व त्याच्या नांवानें काय केलें गेलें, हें निरनिराळें पाहूं.

सरकारी नोकऱ्यांविषयीं जॅक्सननें आपल्या पहिल्याच वार्षिक निवेदनांत असें प्रतिपादिलें कीं, सरकारी काम इतकें सोपें असतें कीं कोणीही बऱ्या बुद्धीचा माणूस तें करूं शकेल, आणि एकाच जागीं फार दिवस बसलेला अंमलदार ती जागा आपली वतनदारी समजूं लागतो. यांतील दुसरें वाक्य लाख मोलाचें आहे. वतनदारी म्हणजे काय हें आम्हां महाराष्ट्रीयांस निराळें सांगावयास नको. पण औषध काय निघालें? वतनदार गेला व त्याच्या जागीं पक्षाचा हस्तक आला. न्यूयॉर्कच्या एका सेनेटरनें १८३२ सालीं भर सभेंत सांगून टाकलें कीं जिंकणाराची ती लूटच आहे. खुद्द जॅक्सननें काढलेले अंमलदार फार नव्हते, दहांत एक असावा. परंतु वाट पडली. न्यूयॉर्क बंदराच्या जकातींवर त्यानें सॅम्युएल स्वार्टवाउट नांवाचा आपला एक अनुयायी बसविला होता. तो सरकारचे बारा लाखांवर डॉलर गिळून १८३८ सालीं युरोपांत पळाला. जकातनाक्यावर माल अडकलेल्या व्यापाऱ्यास याचें मर्म अधिक समजेल. नोकरी न मिळाल्यानें चिडलेल्या एका माथेफिरूनें १८८१ सालीं अध्यक्ष गारफील्ड यांस गोळी घातली, तेव्हां कोठें डोळे उघडले आणि १८८३ सालीं परीक्षा घेऊन नोकर नेमण्याचा कायदा झाला.

बँकेचें प्रकरण याहून गुंतागुंतीचें आहे, व त्यांत जॅक्सन सर्वस्वीं चुकला असें आम्ही म्हणणार नाहीं. संयुक्त संस्थानांची दुसरी बँक १८१६ सालीं वीस वर्षांच्या सनदेनें फिलाडेल्फियास निघाली. भांडवल साडेतीन कोटी डॉलर. त्यांत सरकारचा हिस्सा पांचवा, बाकीचे भाग खाजगी श्रीमंतांचे व कांहीं परदेशस्थांचे. सरकारचा सर्व वसूल या बँकेंत बिनव्याजी राही. गांवोगांवच्या लहान बँकांच्या नोटा हिच्याकडे येत, व त्या पुढें करून ही रोकडा सोनें-रुपें मागे. त्यामुळें लहान बँकांस वाटेल तितका कागद छापतां येत नसे. हा लगाम उपयोगाचा होता. पण लगाम कोणाच्या हातीं? बँकेचा मुख्य निकोलस बिडल हा मोठा विद्वान व कुशल मनुष्य. त्यानें सेनेटच्या कमिटीपुढें एकदां शांतपणें सांगितलें कीं, बँकेनें मनांत आणलें असतें तर देशांतील बहुतेक बँका मोडतां आल्या असत्या, परंतु तिनें एकीसही इजा केली नाहीं. ज्या व्यापाऱ्याचा श्वास दुसऱ्याच्या मर्जीवर चालतो त्यानें या आश्वासनानें निश्चिंत झोपावें काय? बँकेनें कांहीं वर्तमानपत्रांच्या चालकांस कर्जें दिलेलीं होतीं. सेनेटचा मुकुटमणि डॅनिएल वेब्स्टर हा बँकेचा वकील होता, व ऐन लढ्यांत त्यानें बिडलला पत्र लिहून आपल्या वर्षासनाची आठवण करून दिली होती.

१८३२ सालीं सनदेच्या मुदतवाढीचा कायदा काँग्रेसनें मंजूर केला. जॅक्सननें १० जुलै रोजीं तो नामंजूर केला. त्याच्या आधींच्या सहा अध्यक्षांनीं मिळून दहा कायदे परत पाठविले होते. या एकट्यानें बारा पाठविले. परंतु संख्येपेक्षां त्यांतील भाषा महत्त्वाची. धनवान लोक सरकारचे कायदे आपल्या स्वार्थाकडे वांकवितात, आणि शेतकरी, कारागीर, मजूर यांस दाद मागावयास जागा राहत नाहीं, असें राष्ट्राच्या अध्यक्षानें कायदेमंडळाची गांठ सोडून सरळ लोकांशीं बोलावें, हें पूर्वीं घडलें नव्हतें. बिडलला वाटलें हा लेख जॅक्सनला बुडवील. म्हणून त्यानें त्याच्या हजारों प्रती स्वतःच वांटल्या. लोकांनीं त्या वाचल्या, आणि त्या वर्षींच्या निवडणुकींत जॅक्सनला २१९ व क्लेला ४९ निर्वाचक दिले. शिकलेल्या माणसास लोकमताची नाडी कशी लागत नाहीं याचा हा नमुना आहे.

येथपर्यंत आम्ही जॅक्सनच्या बाजूचे आहों. येथून पुढें नाहीं. सनदेस अजून अडीच-तीन वर्षें बाकी असतां सरकारी ठेवी काढून घेण्याचा त्यानें निश्चय केला. कायद्यानें तो अधिकार खजिन्याच्या मंत्र्याचा होता, व ठेवी सुरक्षित आहेत असा ठराव प्रतिनिधिसभेनें नुकताच केला होता. मंत्री ड्युएन यानें सही करण्यास नकार दिला. जॅक्सननें त्यास काढून रॉजर टॉनी यास बसविलें, व त्यानें सही केली. सेनेटनें १८३४ च्या मार्चांत निषेधाचा ठराव केला. त्याला जॅक्सननें जें उत्तर धाडलें त्याचा इत्यर्थ असा कीं, अध्यक्ष हाच अमेरिकन लोकांचा साक्षात् प्रतिनिधि आहे. कायदेमंडळ, न्यायालय, स्वतःचे मंत्री हे सर्व लोकांपासून एक पाऊल दूर. लोकांच्या जवळ तो एकटा! पुढें त्याच्या पक्षाचें बहुमत झाल्यावर सेनेटच्या कामकाजाच्या वहींतील त्या ठरावाभोंवतीं काळ्या रेघा ओढून तो रद्द करण्यांत आला. विरोधकांनीं त्याला ‘राजा अँड्र्यू पहिला’ असें नांव ठेवलें व मुकुट घातलेलें त्याचें चित्र काढलें.

ठेवी पक्षाच्या मर्जींतील बँकांकडे गेल्या, लगाम तुटला, नोटांचा पूर आला, जमिनीचा सट्टा माजला. मग १८३६ सालीं जमिनीची किंमत सोन्यारुप्यांतच घेऊं असा हुकूम काढून जॅक्सननें एकाएकीं खुंटी पिरगळली. १८३७ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कच्या बँकांनीं रोकड देणें बंद केलें. इंग्लंडांतील व्याजाचा दर व कापसाचा भाव यांचाही त्यांत भाग होता. सर्व खापर एकाच्या डोक्यावर फोडणें न्यायाचें नव्हे. परंतु जो लगाम तोडावयाचा तो दुसरा हातीं घेतल्याशिवाय तोडूं नये, ही गोष्ट जॅक्सनला कोणी सांगूं शकला नाहीं. कारण जो सांगूं लागे तो लोकांचा शत्रु ठरे. कागदी नोटांस विष मानणाऱ्या या गृहस्थाची तसबीर १९२८ पासून त्याच्याच देशाच्या वीस डॉलरांच्या कागदी नोटेवर आहे.

साउथ कॅरोलिनानें राष्ट्राचा जकातीचा कायदा आपल्यापुरता रद्द ठरविला, तेव्हां जॅक्सननें १८३२ च्या डिसेंबरांत जो खंबीरपणा दाखविला त्याचें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. एका संस्थानानें राष्ट्राचा कायदा झुगारून देणें म्हणजे संघ मोडणें होय, हें त्यानें असंदिग्ध शब्दांत बजावलें. पण त्याच वर्षीं जॉर्जियानें राष्ट्राच्या वरिष्ठ न्यायालयाचा निकाल झुगारून दिला, तेव्हां हाच पुरुष मूग गिळून बसला. असें कां झालें, हेंच या सर्व लेखाचें मर्म आहे.

जॉर्जियांत चेरोकी नांवाचें मूळ रहिवाशांचें राष्ट्र होतें. रानटी म्हणून त्यांची हेटाळणी करणाऱ्यांनीं त्यांची हकीकत नीट वाचावी. त्यांच्यांतील सेक्वोया नांवाच्या, इंग्रजी मुळींच न वाचतां येणाऱ्या, कारागिरानें १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेची स्वतंत्र लिपि तयार केली. १८२७ त त्यांनीं लेखी राज्यघटना केली. १८२८ च्या फेब्रुवारींत ‘चेरोकी फिनिक्स’ हें त्यांचें वर्तमानपत्र दोन भाषांत निघालें. त्याचे खिळे बोस्टनास पाडून आणले होते, व त्या कामीं साह्य करणारी संस्था आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे. ज्या अमेरिकन बोर्डानें मुंबईंत मिशन काढून तेथें मराठी पुस्तकें छापणारा छापखाना घातला, ज्यानें १८३१ सालीं अहमदनगरास ठाणें केलें, आणि ज्याच्या मंडळींनीं १८४२ त तेथून ‘ज्ञानोदय’ सुरू केलें, तेंच हें बोर्ड. त्याचे चिटणीस जेरेमाया एव्हर्ट्स यांनीं चेरोकींच्या बाजूनें वर्तमानपत्रांत लेखमाला लिहिली. मत नसलेल्या हजारों बायकांपैकीं कित्येकींनीं काँग्रेसकडे अर्ज केले. अमेरिकेंतील स्त्रियांची सार्वजनिक कामांतील ती पहिलीच मोठी चळवळ होय.

तरी १८३० च्या मे महिन्यांत या लोकांस मिसिसिपीपलीकडे हलविण्याचा कायदा झाला. प्रतिनिधिसभेंत १०२ विरुद्ध ९७. म्हणजे ज्या लोकेच्छेच्या नांवानें हें झालें ती पांच मतांची होती. आणि त्या पांचांचाही हिशेब पाहावा. गुलामास मत नव्हतें, परंतु त्याचीं पांचांत तीन डोकीं धरून दक्षिणेच्या संस्थानांस जास्त जागा मिळत. त्या जागा वजा केल्या तर निकाल फिरला असता असें कित्येक इतिहासकार दाखवितात. ज्यास माणूस म्हणून मोजावयाचें नाहीं, त्याचेंच डोकें मोजून दुसऱ्याची जमीन घ्यावयाची! व्हॅन ब्यूरनच्या जुटीचा अर्थ हा.

जॉर्जियानें चेरोकींच्या प्रदेशांत परवान्यावांचून राहणाऱ्या गोऱ्यांस बंदी केली. अमेरिकन बोर्डाचे मिशनरी सॅम्युएल वूस्टर यांनीं परवाना घेण्याचें नाकारलें, म्हणून त्यांस चार वर्षांची सक्तमजुरी दिली. १८३२ च्या मार्चांत मुख्य न्यायाधीश मार्शल यांनीं जॉर्जियाचा कायदा रद्द ठरविला. ‘मार्शलनें निकाल दिला, आतां त्यानेंच तो अंमलांत आणावा’ असें जॅक्सन म्हणाला अशी कथा आहे; ती बहुधा मागून रचलेली आहे. परंतु त्यास कांहीं म्हणण्याची गरजच पडली नाहीं. त्यानें कांहीं केलें नाहीं, आणि तेवढें पुरे झालें. १८३५ त राष्ट्राच्या एका लहान गटाकडून तहावर सह्या घेतल्या. मुख्य जॉन रॉस यानें हजारों सह्यांचा अर्ज पाठविला, तो व्यर्थ गेला. व्हॅन ब्यूरन अध्यक्ष असतां १८३८-३९ च्या हिंवाळ्यांत सुमारें सोळा हजार माणसें फौजेच्या पहाऱ्यांत पश्चिमेस हांकलीं गेलीं. तळांवर व वाटेंत बायकामुलांसह चार हजारांच्या आसपास मेलीं असा अंदाज आहे.

अशा मोकळ्या केलेल्या जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपीच्या जमिनींत कापूस पिकला, व तो गुलामांनीं पिकविला. १८६१ सालीं यादवी युद्ध जुंपून तो कापूस अडला तेव्हां मँचेस्टरनें मुंबईकडे धांव घेतली, आणि चार वर्षें मुंबईंत सोन्याचा पाऊस पडला. १८६५ त युद्ध संपतांच किती पेढ्या बुडाल्या हें व्यापारी घराण्यांस सांगावयास नको. चेरोकींचें प्रकरण आपल्यापासून फार लांबचें आहे असें कोणी समजूं नये.

टपालाची गोष्टही येथेंच सांगून टाकतों. १८३५ च्या जुलैंत चार्ल्सटन येथें जमावानें टपालकचेरी फोडून गुलामगिरीविरुद्धचीं छापील पत्रकें जाळलीं. जॅक्सननें त्या डिसेंबरांत काँग्रेसला काय सुचविलें? जाळणारांस शासन करा असें नव्हे. असलीं पत्रकें दक्षिणेंत टपालानें जाऊंच नयेत असा कायदा करा. काँग्रेसनें तो केला नाहीं, तरी टपालखात्यानें तीं पत्रकें अडवूं दिलीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकनांस अर्पण केलें. त्यांच्याच पूर्वसूरींचे हे जाळलेले कागद.

आतां आरंभींच्या दोन पक्षांकडे वळूं. अडाण्यांस मत दिल्याचें हें फळ, असें म्हणणारांनीं पुढील नांवें ध्यानांत घ्यावीं. हकालपट्टीच्या कायद्याविरुद्ध मत देणारांत डेव्हिड क्रॉकेट होता. जॅक्सनच्याच टेनेसींतला, रानांत वाढलेला, शाळेचें तोंड उभ्या जन्मांत कांहीं महिनेच पाहिलेला शिकारी. पुढल्या वर्षीं त्यानें आपली जागा घालविली. उलट, ठेवी काढण्याच्या हुकुमावर सही करणारा टॉनी हा पट्टीचा कायदेपंडित. जॅक्सननें त्यास मुख्य न्यायाधीश केलें, व त्यानेंच १८५७ सालीं निकाल दिला कीं काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊं शकत नाहीं. न्यूयॉर्कच्या १८२१ च्या परिषदेची ती मिळकतीची अट वाचकांस आठवत असेलच. पेनसिल्व्हेनियानें १८३८ सालीं काळ्यांचें मत साफ काढून घेतलें. तेव्हां दोष मत फार लोकांस दिलें हा नव्हता. तें थोड्यांस दिलें, आणि त्या थोड्यांस ‘सर्व लोक’ म्हटलें, हा होता. चेरोकीला, गुलामाला, बाईला मत असतें तर जॅक्सनला इतकें सैल बोलतां आलें नसतें.

दुसऱ्या पक्षास, म्हणजे खमक्या पुरुषाची वाट पाहणारांस, आमचा एकच प्रश्न आहे. बँकेच्या वेळीं कायदेमंडळास बाजूस सारणारा हात तुम्हांस आवडला. तोच हात न्यायालयाचा निकाल पडूं देतांना, टपाल अडवितांना आवडेल काय? आणि त्या वेळीं आपण निवडून देणाऱ्यांत असूं, कीं हांकून दिल्या जाणाऱ्यांत, याची खातरी तुम्हांस कोणीं दिली आहे?

‘चेरोकी फिनिक्स’ची गोष्ट राहिली. पैशाच्या ओढीनें १८३४ सालीं तें बंद पडलें. पुढल्या वर्षीं तें पुन्हां काढण्याची खटपट चालली असतां जॉर्जियाच्या शिपायांनीं छापखाना जप्त करून नेला. चेरोकींनीं पश्चिमेस गेल्यावर १८४४ सालीं दुसरें पत्र काढलें, त्यांतही तीच लिपि. आज ओक्लाहोमांतील टालेक्वा येथून जुन्या नांवाचेंच पत्र निघत आहे.